लूक भारी, पण चाक सरळ आहे का?

जुन्या गाडीचा रंग सगळे बघतात, टायर मात्र कुणीच बघत नाही. खरं तर गाडी कशी जपली आहे, हे टायरच सांगतो. आणि तो वाचता येणारी माणसं आपल्या जिल्ह्यात कमी होत चालली आहेत.

लग्नसराई सुरू झाली की आपल्या धाराशिवात एक सीन हमखास दिसतो. नवरदेवासाठी जुनी फियाट नाहीतर अ‍ॅम्बेसेडर सजवून आणलेली असते. बॉनेटवर झेंडूच्या माळा, आरशासारखं चमकणारं क्रोम, नवाकोरा रंग. मग काय, वरात राहते बाजूला आणि सगळी पोरं मोबाइल काढून गाडीभोवती. स्लो मोशन, जुनं गाणं, खाली कॅप्शन ‘ओल्ड इज गोल्ड’. रील हिट.

पुढच्या वेळी एक काम करा. रील काढून झाली की जरा खाली वाका आणि पुढच्या टायरवर तळहात फिरवा. बाहेरच्या बाजूला नक्षी शाबूत आणि आतल्या बाजूला टायर गोटा झालेला, असं दिसलं तर समजा की गाडीला फक्त मेकअप झालाय, इलाज झालेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. क्लासिक गाडी जपणं म्हणजे तिला चमकवणं, असा आपला एक समज झालाय. गाडी ही चालायची वस्तू आहे. ती सरळ चालत नसेल, वळताना लडबडत असेल आणि दर काही महिन्यांनी टायर खात असेल, तर तिच्या रंगावर घातलेला पैसा वाया गेला. चाक सरळ करायची विद्या मात्र आजही आपल्या आसपासच्या जुन्या गॅरेजांमध्ये जिवंत आहे. ती शिकून घेणं हे आपल्या पिढीचं काम आहे, आणि त्यात आपला फायदाही आहे.

शेजारच्या माणसाची गाडी

फियाट म्हटलं की आपल्याला इटली आठवते. पण आपण जिला फियाट म्हणतो, ती गाडी बनायची मुंबईत, कुर्ल्याला. ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही कंपनी १९४४ मध्ये उभी केली वालचंद हिराचंद यांनी. आणि वालचंद जन्मले १८८२ मध्ये, आपल्या शेजारच्या सोलापुरात. म्हणजे तुळजापूरहून तासाभराच्या अंतरावर जन्मलेल्या माणसाच्या कंपनीने देशातल्या सगळ्यांत लाडक्या गाड्यांपैकी एक बनवली. हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं होतं का?

१९५० च्या दशकात फियाट ११०० आली. पुढे नावं बदलत गेली, डिलाइट झाली, प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यालाच गिअर, मागे पाटे आणि पुढे कॉइल स्प्रिंग. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच. तिची शेवटची टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची उतरली. त्या आठवड्यात अख्ख्या महाराष्ट्राने स्टेटस ठेवले. अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन त्याआधीच, २०१४ मध्ये थांबलं होतं.

कारखाने थांबले, पण गाड्या संपल्या नाहीत. गावाकडे वाड्याच्या अंगणात, शेतातल्या गोठ्याशेजारी, ताडपत्रीखाली अशा गाड्या आजही उभ्या दिसतात. कुणाच्या आजोबांनी घेतलेली पद्मिनी, कुणाची जुनी जीप. जुन्या गाड्यांची क्रेझ वाढल्यावर आता त्या बाहेर निघू लागल्या आहेत. चांगली गोष्ट आहे. अडचण पुढे आहे.

कारण त्या बाहेर काढताना बजेट जातं कशाला? रंगाला, सीटला, म्युझिक सिस्टीमला. आणि चाकांकडे लक्ष कधी जातं? तर नवे टायर घातल्यावर थोड्याच दिवसांत ते पुन्हा झिजले की. मग मालक म्हणतो, ‘टायरच खराब निघाले.’

टायर बोलतो, ऐकायला शिका

ताप आला की आपण थर्मामीटर फोडत नाही. टायरचंही तसंच आहे. झिजलेला टायर हा आजार नाही, ते लक्षण आहे. आणि हे लक्षण इतकं स्पष्ट असतं की थोडी सवय झाली तर कुणालाही वाचता येतं. बघा.

टायरच्या दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत आहे, म्हणजे हवा कमी होती. मधला पट्टा झिजला आणि कडा शाबूत आहेत, म्हणजे हवा जास्त होती. हे दोन्ही रोग फुकटात बरे होतात. महिन्यातून दोनदा, गाडी थंड असताना हवा बघायची, बस्स.

एकच कड झिजली असेल, फक्त आतली किंवा फक्त बाहेरची, तर बहुतेक वेळा कॅम्बर बिघडलाय. कॅम्बर म्हणजे समोरून बघितल्यावर चाक किती कललेलं दिसतं ते. गवंडी भिंतीला ओळंबा लावून बघतो ना, तसाच ओळंबा चाकाला लावला तर जे कळतं, तो कॅम्बर.

टायरवर ठिकठिकाणी खळगे पडलेत, हात फिरवला की उंच-सखल लागतं, तर शॉकअप गेलेत किंवा चाकाचं बॅलन्सिंग बिघडलंय. चाक रस्त्यावर नीट टेकतच नाही, उड्या मारत चालतं.

आणि सगळ्यांत फसवा प्रकार म्हणजे करवतीसारखी झीज. डोळ्यांना टायर ठीक दिसतो, पण तळहात एका दिशेने फिरवला तर गुळगुळीत लागतं आणि उलट फिरवला तर धार लागते. हा टोचा दोष. वरून बघितलं तर दोन्ही पुढची चाकं एकमेकांना समांतर आहेत, की त्यांची नाकं आत वळलीत, की बाहेर फाकलीत, याला टो म्हणतात. हात आतून बाहेर नेताना धार लागली तर नाकं जास्त आत वळलीत. बाहेरून आत नेताना लागली तर ती बाहेर फाकलीत. मशीन नाही, ॲप नाही, फक्त हात पाहिजे. पण हात फिरवताना जपून. झिजलेल्या टायरमधून कधी कधी तारा बाहेर आलेल्या असतात.

तीन मिलिमीटरची किंमत

‘एवढ्या-तेवढ्याने काय होतं?’ हे आपलं राष्ट्रीय वाक्य आहे. चला, हिशोब करू.

समजा पद्मिनीच्या पुढच्या चाकांचा टो योग्य मापापेक्षा फक्त ३ मिलिमीटरने जास्त आहे. म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला दीड मिलिमीटर. १४ इंची रिम म्हणजे साधारण ३६० मिलिमीटर. दीड भागिले ३६० केलं की येतं ०.००४ च्या आसपास. याचा अर्थ, गाडी १ किलोमीटर पुढे गेली की ते चाक साधारण ४ मीटर आडवं घासलं जातं. सोलापूर ते धाराशिव अंदाजे ६५ किलोमीटर धरा. एका फेरीत प्रत्येक चाक पाव किलोमीटरहून जास्त आडवं फरपटतं. फिरत नाही, फरपटतं. चप्पल रस्त्यावर आडवी घासत चालायचं म्हटलं तर ती किती दिवस टिकेल?

गंमत म्हणजे ड्रायव्हरला हे कळतच नाही. दोन्ही चाकं एकमेकांच्या विरुद्ध ढकलत असतात, त्यामुळे गाडी सरळच जाते. भांडण दोन चाकांचं आणि मार खातो टायर. पेट्रोल जास्त जातं ते वेगळंच. आणि झिजलेला रबर कुठे जातो? धूळ होऊन रस्त्याकडेच्या शेतात, ओढ्यात, आपल्या नाकात.

यात जिवाचाही प्रश्न आहे. कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असली पाहिजे, असा नियम आहे. टायरच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायरचं आयुष्य संपलं. आता एकच कड झिजलेला टायर घ्या. मालक बाहेरून बघतो, नक्षी छान दिसते, तो निर्धास्त. आतल्या कडेची नक्षी मात्र कधीच संपलेली. मे महिन्यात दुपारी राष्ट्रीय महामार्ग ५२ वर डांबर तापून भट्टी झालेली असते, गाडीत घरचे सगळे बसलेले असतात, तुळजापूरला दर्शनाला निघालेले. तो टायर त्या वेळी फुटला तर? जुन्या गाडीला ना एअरबॅग, ना एबीएस. मागच्या सीटला तर बहुतेक वेळा बेल्टही नसतो. म्हणून क्लासिक गाडीत टायरची हयगय नव्या गाडीपेक्षा महाग पडते.

आधी ढिलाई काढा, मग अलाइनमेंट

आता मूळ मुद्दा. टायर खातोय म्हटल्यावर बहुतेक जण काय करतात? गाडी थेट अलाइनमेंटच्या मशीनवर नेतात. स्क्रीनवर आकडे हिरवे झाले की पैसे देऊन निघतात. नव्या गाडीला हे बऱ्याचदा पुरतं, पण जुन्या गाडीला पुरत नाही. आणि याचं कारण फार साधं आहे. हलणाऱ्या वस्तूचं माप घेता येत नाही.

पद्मिनीचं पुढचं चाक किंगपिनवर वळतं. किंगपिन म्हणजे एक जाड खिळा, तो पितळेच्या बुशमध्ये बसतो. त्याला वेळच्या वेळी ग्रीस मिळालं नाही की पिन आणि बुश एकमेकांना खातात आणि मध्ये फट पडते. मग चाक उभ्या उभ्या कलतं. त्यात टाय रॉडचे एंड झिजलेले, वरच्या-खालच्या आर्मचे रबर बुश वाळून तडकलेले, स्टेअरिंग बॉक्समध्ये प्ले. अशी गाडी मशीनवर उभी केली तर आकडा हिरवा येईल, पण गेटबाहेरच्या पहिल्या स्पीडब्रेकरवर तो बदलेल. ढिल्या खाटेला दोरी ताणून काय उपयोग, आधी पाय ठोकायला हवेत.

चांगला मिस्त्री म्हणून आधी गाडी जॅकवर घेतो, खाली स्टँड लावतो, आणि चाक हलवून बघतो. वर-खाली धरून हलवलं आणि चाक खडखडलं तर बेअरिंग किंवा किंगपिन. दोन्हींपैकी कुठलं, हे ओळखायची युक्ती भारी आहे. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि पुन्हा हलवायचं. ढिलाई गायब झाली तर दोष बेअरिंगचा, तशीच राहिली तर किंगपिनचा. ब्रेकमुळे चाक आणि त्यामागचा भाग एकजीव होतो, बेअरिंग खेळातून बाद होतं, एवढंच त्यामागचं लॉजिक. मग चाक डाव्या-उजव्या बाजूने धरून हलवायचं, तिथे खडखड आली तर बहुधा टाय रॉड एंड. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला आपण वर्षभर जे शिकत नाही, ते या पाच मिनिटांत कळतं.

(जाता जाता, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, पेलण्यासाठी नाही.)

पुढे गाडीची बसक बघायची. ४०-५० वर्षं ओझं वाहून स्प्रिंग दबलेल्या असतात. अ‍ॅम्बेसेडरला पुढे कॉइल नसते, टॉर्शन बार म्हणजे पिळले जाणारे लोखंडी दांडे असतात, ते थकले की गाडी नाक खाली घालते. एका बाजूला स्प्रिंग जास्त दबली की त्या बाजूचा कॅम्बर बदलतो आणि टायर तिथेच खायला लागतो. जुन्या जीपचा प्रकार आणखी वेगळा. तिचा पुढचा एक्सल अखंड असतो. त्यात कॅम्बर बनवतानाच ठरलेला, पान्याने जुळवता येतो तो फक्त टो. कॅम्बरच बिघडला असेल तर एक्सल वाकलाय किंवा पिन-बेअरिंग गेलीत, हे समजायचं. म्हणजे प्रत्येक गाडीची कुंडली वेगळी. सगळ्यांना एकच गोळी देऊन चालत नाही.

ढिलाई निघाली, बसक नीट झाली, चारही टायरमध्ये हवा सारखी केली की मग अलाइनमेंट. तीही क्रमाने. आधी मागचा एक्सल सरळ आहे का बघायचा, कारण पाट्याचा मधला बोल्ट तुटला की मागचा एक्सल सरकतो आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. मग पुढे कॅस्टर, मग कॅम्बर आणि सगळ्यांत शेवटी टो. टो शेवटी का? कारण आधीचे दोन हलवले की तो आपोआप बिघडतो.

दोरी की लेझर?

जुने मिस्त्री हे काम दोरीने करायचे, काही आजही करतात. चार खुंट्यांवर गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणायची, ती चाकांच्या मध्याच्या उंचीवर आणि गाडीच्या मध्यरेषेला समांतर ठेवायची. मग रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजायचं, मागच्या कडेपासूनचं मोजायचं. फरक निघाला तो टो. रिमच वाकडी असेल तर? मग रिमवर खडूने खूण करायची, पुढे माप घ्यायचं, गाडी ढकलून ती खूण मागे आणायची आणि तिथेच पुन्हा माप घ्यायचं. वाकडेपणा हिशोबातून गेला. काय डोकं आहे बघा!

मी इथे ‘जुनं ते सोनं’चं गाणं गाणार नाही. लेझर आणि कॅमेऱ्याचं मशीन दोरीपेक्षा बारीक मोजतं, वेगात मोजतं, आणि कॅस्टरसारखा कोन दोरीने मोजायचा म्हणजे कटकटच. मशीन असेल तर जरूर वापरा. प्रश्न मशीनचा नाहीच. मशीनच्या यादीत पद्मिनी नसेल आणि समोरचा मुलगा दुसऱ्याच कुठल्या गाडीचं माप निवडून आकडे हिरवे करत असेल, तर ती अचूकता काय कामाची? शिवाय जुनी मापं त्या काळच्या आडव्या विणीच्या टायरांसाठी ठरवलेली होती. आता आपण रेडियल टायर घालतो, त्यांना साधारणपणे टो कमी लागतो. हे मशीन सांगत नाही, माणसाला माहीत असावं लागतं. मशीन आकडा देतं, त्याचा अर्थ मिस्त्री लावतो. दोघंही हवेत.

त्यातून सगळा दोष गाडीचाच असतो असंही नाही. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधून उंच आणि कडेला उतरते असतात. डाव्या कडेने चालवताना गाडी जरा डावीकडे ओढली तर लगेच पाना काढायचा नाही. सपाट मोकळ्या जागेवर ट्रायल घ्यायची, मग बोलायचं.

रुंद टायरचा शौक

आता थोडं कडू बोलतो. जुन्या फियाटला किंवा जीपला रुंद टायर आणि बाहेर आलेले अलॉय घालायची फॅशन आली आहे. फोटोत गाडी कडक दिसते, मान्य. पण त्या गाडीचं गणित अरुंद टायरसाठी मांडलेलं होतं. रिम बाहेर काढली की बेअरिंग आणि किंगपिनवर लांबच्या तरफेसारखा जोर येतो. पॉवर स्टेअरिंग नसतंच, त्यामुळे गाडी जागेवर वळवताना दंड भरून येतात. खड्ड्यात चाक गेलं की धक्का थेट स्टेअरिंगला. आणि रुंद टायरची कड मडगार्डला घासू लागते ती वेगळीच. मग मिस्त्रीकडे जाऊन म्हणायचं, ‘मिस्त्री, अलाइनमेंट करा, गाडी टायर खायलीय.’ मिस्त्री बिचारा काय करणार? ज्याची मूळ मापंच मोडली, त्याला कुठल्या मापावर आणणार?

गाडी तुमची, पैसा तुमचा, मर्जी तुमची. फक्त तिला मग ‘रिस्टोअर केली’ म्हणू नका. कायदाही हेच म्हणतो. २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही, पण प्रदर्शन, रॅली, देखभाल यासाठी रस्त्यावर आणता येते. हिशोब करा. १९७४ ची पहिलीवहिली पद्मिनी २०२४ मध्ये पन्नाशीला पोचली. म्हणजे आजोबांच्या अंगणातली गाडी आता एकेक करून या यादीत जायच्या वयाची होतेय. अशा वेळी मूळ रिम भंगारात विकून अलॉय बसवणं म्हणजे जुन्या वाड्याचा सागवानी दरवाजा काढून शटर लावण्यासारखं आहे.

इंजिन जाईल, चाक राहील

इथे एक प्रश्न येणारच. ‘इलेक्ट्रिक गाड्यांच्या जमान्यात फियाटचं चाक सरळ करायला शिकून आमचं करिअर होणार का?’

प्रश्न रास्त आहे. आपला जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला. इथली पोरं डिप्लोमा किंवा आयटीआय करून चाकण-तळेगावच्या गाड्या धरतात, हे आपण रोज बघतो. त्यांना आपण जुन्या गाड्यांचं प्रेम शिकवायचं का?

मी म्हणतो, प्रेम राहू द्या, व्यवहार बघा. इलेक्ट्रिक गाडीत कार्बोरेटर नसेल, क्लच नसेल, सायलेन्सर नसेल. पण चार चाकं असतील. टो असेल, कॅम्बर असेल, टाय रॉड असतील, बुश असतील. उलट बॅटरीमुळे ती गाडी वजनदार असते, पिकअप जबरदस्त असतो, त्यामुळे टायरची झीज हा तिथे आणखी मोठा विषय आहे. इंजिनवाल्या मेकॅनिकचं काम उद्या कमी होईल कदाचित, चाकवाल्याचं होणार नाही. आणि चाकाचं शास्त्र शिकायला जुन्या गाडीइतकी चांगली शाळा नाही. तिथे सगळं उघडं असतं. पिन दिसते, बुश दिसतो, पान्याने फिरवलं की फरक डोळ्यांसमोर दिसतो. पद्मिनीवर हात बसला की कुठल्याही गाडीच्या स्क्रीनवरचे आकडे आपोआप कळायला लागतात.

आता अडचण अशी आहे की ज्यांच्या हातात ही विद्या आहे, त्यांच्याकडे कागद नाही. आणि ज्यांच्याकडे कागद आहे, त्यांच्या हातात विद्या नाही. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकच्या मुलाने पुस्तकात किंगपिनचं चित्र काढलेलं असतं, पण पिन काढून बुश रीमरने मापाला आणताना बघितलेलं नसतं. आणि ज्या काकांनी आयुष्यभर ते केलं, त्यांना कुणी वर्कशॉपमध्ये बोलवत नाही. साठी ओलांडलेले हे मिस्त्री एकेक करून गॅरेज बंद करतायत. पोरगं दुसऱ्या लाइनला गेलं की शटर खाली. त्यांच्याबरोबर जे जातं, ते कुठल्याच यूट्यूब चॅनलवर परत मिळत नाही.

मग करायचं काय? मोठमोठ्या घोषणा नकोत, तीन साध्या गोष्टी पुरे आहेत.

पहिली, जिल्ह्यातल्या आयटीआय, तंत्रनिकेतन आणि इंजिनीअरिंग कॉलेजांनी वर्कशॉपमध्ये एक तरी जुनी चालू गाडी ठेवावी. कापून ठेवलेलं मॉडेल नाही, चालणारी गाडी. महिन्यातून एक दिवस एखाद्या जुन्या मिस्त्रींना मानधन देऊन बोलवावं. त्यांनी दोरी लावावी, मुलांनी मशीन लावावं आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघावेत.

दुसरी, कौशल्य विकास योजनेत पूर्वअनुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. ज्याला काम येतं पण डिग्री नाही, अशा माणसाची परीक्षा घेऊन त्याला कागद द्यायचा, अशी ती कल्पना. ही माहिती गॅरेज लाइनमध्ये पोचवायला आपण कॉलेजची पोरं काय कमी आहोत? एनएसएसच्या कॅम्पमध्ये भिंती रंगवण्यापेक्षा हे काम नक्कीच जास्त उपयोगाचं.

तिसरी आपल्या हातातली. गॅदरिंगला ‘बाइक अँड कार शो’ ठेवता ना? ठेवाच. पण त्यात रंगाला आणि आवाजाला बक्षीस देताना एक बक्षीस सरळ चाकाला द्या. परीक्षक म्हणून एखाद्या मिस्त्रींना बोलवा, हार घाला, खुर्चीवर बसवा. चारही टायर एकसारखे झिजलेत का, हवा बरोबर आहे का, स्टेअरिंगला प्ले किती, एवढंच बघायचं. पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त भारी गाड्या बाद होतील, अशी माझी पैज आहे. दुसऱ्या वर्षी मात्र होणार नाहीत.

आणि हे फक्त क्लासिक गाडीवाल्यांसाठी नाही. घरी बाबांची दहा वर्षांची हॅचबॅक असेल, मामाची क्रूझर असेल, तुमची स्वतःची बाइक असेल, तिचा टायर आज संध्याकाळी बघा. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. टायर कधीचा आहे ते वाचा. मग आत-बाहेर तळहात फिरवा. कुठे धार लागली, कुठे खळगा लागला, तर नवा टायर घ्यायच्या आधी कारण शोधा. कारण न शोधता घातलेला नवा टायर हा जुन्या दुखण्याला दिलेला नवा नैवेद्य असतो. तोही जाणारच.

बैलगाडीच्या काळात चाकाची लोखंडी धाव सैल झाली की माणसं गाडी उभी करायची, लोहाराकडून धाव तापवून पुन्हा चढवून घ्यायची आणि मगच जू जोडायची. बैलांना रंगवण्याचा सण वेगळा आणि चाक बघण्याचा दिवस वेगळा, हे त्यांना माहीत होतं. आपण रोजच पोळा साजरा करतोय. एखादा दिवस चाकासाठी काढूया की!